डाव्या बाजूचा अर्धा इंच

वैशाखात दुपारी कापडाचा तागा उलगडला की तो नुकताच इस्त्रीखालून निघाल्यासारखा गरम लागतो. यंदाही तसंच आहे. अमरावतीला साईनगरात मी लेकीच्या घरी राहतो. पुढच्या खोलीत कूलर घरघरत असतो, त्याच्या ओल्या गवताचा वास घरभर पसरलेला असतो, आणि रविवारी दुपारी मी भिंतीला पाठ लावून इलॅस्टिकचे तुकडे कापत बसतो. वय चौऱ्याहत्तर. हात थरथरत नाहीत. रेघ अजून सरळ येते.

विदर्भात शाळा उशिरा उघडतात. पुण्याकडची पोरं वर्गात जाऊन बसलेली असतात, तेव्हा आमच्याकडची अजून आंब्याच्या रसात बुडालेली असतात. त्यामुळे आम्हा शिंप्यांचा हंगामही लांबतो. गुढीपाडव्याला सुरू झाला की जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मान वर करता येत नाही. अकोल्यात जुन्या शहरात माझं दुकान होतं. शर्ट-पँट तर वर्षभर शिवायचोच, पण खरं काम गणवेशाचं. खाकी, निळं, पांढरं. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं आणि आत आम्ही मनगटाखाली फडकं ठेवून शिवायचो, कारण पांढऱ्या कापडावर घामाचा डाग पडला तर तो धुतल्यावरही पिवळा राहतो. त्या फडक्याचा आंबूस वास नुसता आठवला तरी मला इतक्या सगळ्या हंगामांतला एकच हंगाम आठवतो. त्याला एकोणीस वर्षं झाली.

त्या हंगामाबद्दल मी घरात, नात्यात, शेजारात एक गोष्ट सांगितली. ती खोटी होती. माझी बायको शकुंतला त्या खोट्यासकट गेली, आणि माझी मुलगी वैशाली त्या खोट्यावर विश्वास ठेवून आईला दोष देत मोठी झाली. ते दुरुस्त करण्यासाठी हे लिहितो आहे.

वैशाली शाळेत खेळ शिकवते आणि रविवारी घरी बायकांना शिवण शिकवते. ब्लाउज, फ्रॉक नाही. स्वतःच्या मापाची ब्रा, आणि पळायला, व्यायामाला घालायचे ताणले जाणारे कपडे. हे शब्द ती माझ्यासमोर, जावयासमोर, दूधवाल्यासमोर एकाच आवाजात बोलते. सुरुवातीला मी कात्रीकडे बघत राहायचो. आता सवय झाली. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी येतात, नांदगाव खंडेश्वरहून दोघी बहिणी एसटीने येतात, आणि गल्लीच्या तोंडाशी भाजी विकणारी सुमनबाई दुपारची गाडी झाकून येते.

“म्याडम, दुकानात तं बत्तीस, चौतीस, छत्तीस एवढंच माप,” सुमनबाई पहिल्याच दिवशी म्हणाली. “एका झाडाचे वांगे तरी सारखे असतात का? मंग आमी काहून सारख्या असाव्या?”

पोरी हसून हसून लोळल्या. मीही मान खाली घालून हसलो.

पण प्रत्येक नवा वर्ग सुरू होताना वैशाली एक गोष्ट सांगायची, आणि ती सुरू झाली की माझी कात्री थांबायची. “माया आईचा हात लय चांगला होता. साऱ्या गल्लीच्या बायांले तिनं नीट कपडे घालाले शिकवलं. अन् स्वतःच्या छातीत गाठ झाली, तं लाजेपायी कोनाले बोलली नाई. बाबांलेही नाई. समजलं तवा हातातून गेलं होतं. तुमी असं करू नका.” मग सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायच्या. एखादी “बिचारे” असं म्हणायची, मला ऐकू येईल इतकं. मी पुन्हा इलॅस्टिक कापायला लागायचो.

*

शकुंतलेला हे काम कोणी शिकवलं नव्हतं. एक जुनी तयार बॉडी तिनं टाका टाका उसवली, सुटे तुकडे वर्तमानपत्रावर मांडले, पेन्सिलीनं भोवती रेघ मारली आणि कागद कापले. तिथून सुरुवात. आमच्याकडे बायका ब्राला ‘बॉडी’च म्हणायच्या, तेही हळूच. साध्या काळ्या मशीनवर होजिअरीचं कापड नीट चालत नाही, दातांत ओढलं जातं आणि टाका सुटतो. तीस वर्षं मशीन चालवून मला त्यावर उपाय माहीत नव्हता. तिनं शोधला. कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी धरायची, कापड जरा ताणून कागदासकट शिवायचं आणि मग कागद फाडून काढायचा. सगळा निघत नसे. शिवणीत बारीक अक्षरं अडकून राहत. शेजारच्या कांताबाई म्हणायच्या, “शकू, मले वाचता येत नाई म्हनून बरं. नाईतं आंघोयीले एक घंटा लागला असता.”

बायकांनी या कामाला पापड असं नाव ठेवलं होतं. म्हणजे पुरुषमाणूस घरात असला तरी बोलता यावं. कांताबाई दारातून हाक मारायच्या, “शकू, मास्टर घरी हाय का? मायावाले दोन पापड झाले का वं?” मला सगळं ठाऊक होतं, पण ठाऊक नसल्याचं दाखवणं हा आमच्या घरचा रिवाज होता. एकदा मी आतून म्हणालो, “तिले एखादा भाजून दे म्हना, चव तं पाहू द्या.” बाहेर चार बायका होत्या. त्या अशा हसल्या की गल्लीतली कुत्री उठली. शकुंतला मात्र दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिला वाटलं, मी तिच्या कामाची थट्टा केली. केलीच होती.

दुसरा रिवाज दोरीचा. हे कपडे वाळत घालायचे तर त्यावर परकर पसरायचा, परकरावर टॉवेल. माझ्या आईनं तो घातला, मी चालवला. अकोल्याच्या उन्हात मिरची एका दिवसात कडकडीत होते, पण तिचे कपडे दुसऱ्या दिवशीही दमट असायचे. एकदा वावटळीनं परकर उडाला आणि रस्त्यावरून दोरी दिसली, तर मी दुकानातून येऊन ओरडलो होतो. काय ओरडलो ते लिहीत नाही. तिनं सगळे कपडे काढून आत नेले आणि दाराआड खिळ्याला टांगले. तिथून पुढे ते तिथेच वाळले, म्हणजे वाळले नाहीत.

असा माणूस होतो मी.

*

त्या वर्षी वैशाली सतरा वर्षांची होती. चारशे मीटर पळायची. शकुंतला एकदा मैदानावर तिला पाहायला गेली आणि घरी येऊन म्हणाली, “वैशू, कोपर छातीले लावून कोनी पयते का? चोर पकडल्यावानी दिसतं.” वैशाली रडकुंडीला आली. “मंग काय करू? सारे पाहून राह्यतात.” दुकानात पुरुषाकडे असलं काही मागायला जायची तिची हिंमत नव्हती, आणि मागितलं असतं तरी तेव्हा आमच्याकडे ते मिळत नव्हतं.

त्या हंगामात घरात दोन मशीन चालत होती. दुकानातलं काम घरीही यायचं, म्हणून पुढच्या खोलीत माझं आणि मधल्या खोलीत तिचं. माझ्याकडून जाड खाकीचा ठक ठक आवाज यायचा, तिच्याकडून मऊ, तुटक. ती वैशालीसाठी पळायची बॉडी शिवत होती. पाच वेळा उसवली. रुंद पट्टा, पाठीवर दोन्ही पट्टे एकत्र आणलेले, आतून सुती अस्तर. झाली तेव्हा तिनं वैशालीला खोलीतल्या खोलीत उड्या मारायला लावल्या आणि स्वतः टाळ्या वाजवत मोजत बसली. जेवताना कणकेच्या उकडलेल्या सरगुंड्यांचं ताट समोर असताना वैशाली मध्येच म्हणाली, “आई, आज मी हात मोकये सोडून पयली.” शकुंतलेनं तिच्या पानात थोडा जास्त गूळ वाढला.

वैशालीच्या रागाचं मूळ इथे आहे. ती म्हणायची, “मायासाठी पाच वेळा उसवलं, अन् स्वतःसाठी एकदा तोंड उघडलं नाई.”

उघडलं होतं.

*

शिवणकामातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अंगाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात असं धरूनच आम्ही कापतो. कापड दुमडून दुहेरी करायचं, वर एक कागद ठेवायचा आणि एकदाच कात्री चालवायची. उजवा आणि डावा भाग एकदम निघतो. एकेरी कापणारा शिंपी नवशिका समजला जातो, कापडही वाया जातं.

पाडव्याच्या दोन दिवस आधी शकुंतला माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. “ऐकता का? डाव्या बाजूनं रुतून राहिली.”

“काय?”

“बॉडी. आतापर्यंत बरोबर व्हती.”

मी मान वर केली नाही. “मापात चूक झाली असन. आन इकडे.” आणि मी तिचा डावा कागद घेतला, नवा कापला, कडेला अर्धा इंच सोडला. आमचे उस्ताद अर्धा इंच लिहायला दोन उभ्या रेघा शिकवायचे. तशा दोन रेघा मी निळ्या पेन्सिलीनं कागदावर ओढल्या. कागद होता वर्तमानपत्राचा, पाडव्याच्या सोन्याच्या जाहिरातीचा.

उस्तादांनी आणखी एक शिकवलं होतं आणि ते मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो. फिटिंग बिघडलं तर माप चुकलं म्हणायचं, गिऱ्हाइकाचं अंग चुकलं असं कधी म्हणायचं नाही. शिवण सैल केली की सगळं बसतं. माझ्या बायकोच्या शरीरात काय होत होतं, त्यावर मी हा नियम लावला.

मे महिन्यात, गणवेशाच्या भर हंगामात, मी पाणी प्यायला मधल्या खोलीत गेलो तर ती कापड एकेरी पसरून कापत होती. आधी उजवा, मग डावा, वेगळा. मी चिडलो. “नवीन शिकून राहिली का आज? कापड काहून वाया घालवतं?”

तिनं कात्री ठेवली. दार ओढून घेतलं. मग माझा हात धरला आणि आपल्या छातीवर डाव्या बाजूला ठेवला, लुगड्यावरूनच. “हे पाहा. गोटीवानी लागते. सरकत नाई.”

लागली. कोटाच्या मोठ्या बटणाएवढी, कडक. माझ्या बोटांना कापडाखालचं सगळं कळतं, तो माझा धंदाच होता. मला त्याच क्षणी समजलं. काय ते नाव मनात आलं नाही, पण हे शिवणीचं नाही एवढं समजलं.

“दुखते का?”

“नाई.”

“मंग काई नसन. शाळा उघडू दे. एवढा सीझन निघाला का जाऊ अमरावतीले, चांगल्या डॉक्टरले दाखवू.”

ती हो म्हणाली. मी डावा कागद पुन्हा कापला. आणखी अर्धा इंच. दोन निळ्या रेघा. त्या पानावर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती होत्या.

एका शाळेचं काम हातात होतं हे खरं. ते सोडलं असतं तर पुढच्या वर्षी मिळालं नसतं हेही खरं. पण एक दिवस दुकान बंद ठेवून अमरावती गाठता आली नसती असं नव्हतं. मूर्तिजापूरवरून एसटी जाते, अडीच-तीन तासांचा रस्ता. मला डॉक्टरसमोर तो अवयव बोलायचा नव्हता. परक्या पुरुषानं तिला तपासावं हे मला नको होतं. आणि मी घाबरलो होतो. या तिन्हींतलं जास्त काय होतं, ते मी एकोणीस वर्षं ठरवू शकलो नाही. हंगाम हा शब्द फार सोयीचा होता. त्याच्या मागे तिन्ही लपत.

जूनमध्ये तिसरा कागद. तेव्हा तिनं काही सांगितलं नाही, फक्त कागद माझ्यापुढे ठेवला आणि उभी राहिली. मोरीत भिजत घातलेल्या बॉडीच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग मी सकाळीच पाहिला होता. मी अर्धा इंच सोडला. शाळा उघडली. मग आखूड-लांब झालेले गणवेश बदलून द्यायचे होते, त्यात आणखी दोन आठवडे गेले.

*

अमरावतीचा डॉक्टर तरुण होता. त्यानं तिला तपासलं, बाहेर येऊन खुर्चीवर बसला आणि तिला विचारलं, “बाई, किती दिवस झाले हे लक्षात येऊन?”

प्रश्न तिला होता. मी उत्तर दिलं. “पंधरा-वीस दिवस झाले असतीन साहेब. हिनं सांगतलंच नाई.”

शकुंतलेनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादं गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघतं आणि आपल्याला हे कापड शोभणार नाही हे त्याला कळतं, पण कापून झालेलं असतं, तसं पाहिलं. मग डॉक्टरला म्हणाली, “हाव. मीच नाई बोलली.”

डॉक्टर तिला रागावला. लाजेपायी बायका जीव गमावतात, शिकलेल्या घरातही हेच, असं बरंच बोलला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. माझ्या वाट्याचं सगळं तिनं ऐकून घेतलं.

परतताना बसमध्ये बडनेरा मागे पडल्यावर ती म्हणाली, “वैशूले हेच सांगजा. पुढं तिले तुमीच हाये.”

ही मला दिलेली परवानगी आहे असं मी धरलं. तिनं ते लेकीसाठी म्हटलं होतं, मी ते स्वतःसाठी वापरलं. नागपूरच्या फेऱ्या झाल्या, एक बाजू काढली, केस गेले. संक्रांतीच्या आधी ती गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं, आणि दरवेळी ते जास्त चांगलं सांगू लागलो. “काय करावं, फार लाजाळू होती.” कांताबाई एकदाच म्हणाल्या, “शकू? अन् लाजाळू?” मी विषय बदलला.

*

यंदा चैत्रात अकोल्याचं बंद घर आवरायला गेलो. तिच्या मशीनच्या खणात पत्र्याचा डबा होता. त्यात काय आहे ते मला माहीत होतं. एकोणीस वर्षं मी तो उघडला नाही आणि फेकलाही नाही. एक उजवा कागद आणि तीन डावे, सुतळीनं बांधलेले. वर्तमानपत्र पिवळं पडलं होतं, निळी पेन्सिल मात्र तशीच.

ते घेऊन अमरावतीला परत आलो. वर्गाची नवी तुकडी सुरू झाली, वैशालीनं तीच गोष्ट सांगितली, भरतीच्या पोरींपैकी एक जण “कशा असतात ना बाया!” म्हणाली आणि वैशालीनं मान हलवली. ते मान हलवणं पाहून माझ्यानं राहवेना.

गुरुवारी दुपारी ती शाळेतून आल्यावर मी तो गठ्ठा टेबलावर ठेवला. काही बोलायच्या आधी तिनंच सुतळी सोडली. शिवणाऱ्या माणसाला असे कागद दिसले की हात आपोआप जातात. तिनं उजवा खाली ठेवला, त्यावर एकेक डावा ठेवला. प्रत्येक कागद खालच्यापेक्षा जरा बाहेर येत होता. तिनं पानांवरच्या जाहिराती वाचल्या. पाडवा. उन्हाळी शिबिर. शाळाप्रवेश. मग बोट त्या दोन रेघांवर ठेवलं.

“हे कोनी लिहिलं?”

“मी.”

“आई तं सेंटीमीटर लिहायची.”

“हाव.”

“म्हणजे पाडव्याले तुमाले माहीत होतं.”

मी सगळं सांगितलं. हात, गोटी, डाग, डॉक्टर. बसमध्ये शकुंतला जे म्हणाली तेवढं सांगितलं नाही, कारण ते माझ्या बाजूनं बोललं असतं. ते इथे लिहिलं आहे. वैशाली वाचेल तेव्हा वाचेल.

ती ओरडली नाही. उठून गच्चीवर गेली आणि वाळलेले कपडे घेऊन आली. आमच्याकडे आता सगळं एकाच दोरीवर उघडं वाळतं. घड्या घालताना तिचे हात थांबले. “एकोणीस वर्षं मी तिले शिव्या घातल्या, बाबा. मनातल्या मनात. तिच्या फोटोसमोर उभी राहून.” एवढंच. नंतर तीन दिवस तिनं माझं ताट वाढलं, गोळ्या काढून ठेवल्या, पण मला हाक मारली नाही. मी क्षमा मागितली नाही. ती ज्या बाईकडे मागायची, तिला मी वेळेत साधा एक दिवसही दिला नव्हता.

रविवारी वर्गाला जावं की नाही ठरेना. शेवटी माझ्या जागेवर जाऊन बसलो. कूलर चालू होता. सुमनबाई टरबुजाच्या फोडी घेऊन आली होती. वैशालीनं भिंतीवर ते चार कागद टाचणीनं लावले. उजवा, आणि पुढे तीन डावे.

“मागच्या रविवारी मी तुमाले चुकीचं सांगतलं,” ती म्हणाली. आवाज शाळेतला, मैदानावर लागतो तसा. “माया आईनं लपवलं नव्हतं. तिनं सांगतलं होतं. आजपासून दोन्ही बाजूंचं माप वेगवेगळं घ्यायचं. दर महिन्याले घ्यायचं, वहीत लिहायचं. थोडा फरक साऱ्याइचाच असते. पण फरक वाढून राहिला असन, तं शिवण सैल करू नका. कापड बाजूले ठेवा अन् डॉक्टरकडे जा.”

 सुमनबाईनं टरबुजाची फोड खाली ठेवली. “पन म्याडम, सांगतलं होतं, मंग उशीर कसा झाला? किती दिवस आधी सांगतलं होतं तिनं?”

वैशाली भिंतीकडे तोंड करून उभी होती. वळली नाही. “ते मी नाई सांगत. बाबांले विचारा.”

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. यावेळी कोणी बिचारे म्हणालं नाही. मी कात्री जमिनीवर ठेवली. भिंतीचा आधार घेऊन उठायला थोडा वेळ लागला, तेवढा वेळ त्या थांबल्या.

“पाडव्याले,” मी म्हणालो. “तिनं मले पाडव्याले सांगतलं होतं.”